सवाष्णींची व्हॅन

फकिरा गभण्यांनी सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर काढली. निवृत्त झाल्यावरही त्यांचा एका गोष्टीवरचा विश्वास ढळला नव्हता. जिथं फाटक आहे तिथं वेळ आहे, आणि वेळ चुकवणाऱ्याला फाटकाबाहेर ठेवणं योग्यच आहे. म्हणून श्रीलंकेच्या बंदरावर आपली आपण गाडी करून फिरायला गेलं आणि परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, असं सूनबाई उन्नतीनं सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांत कमी आश्चर्य त्यांना वाटलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कावून थांबंल? शिफ्ट कोनासाठी थांबते का?"

आश्चर्य वाटलं ते त्यांच्या बायकोला, गयाबाईंना. एवढं मोठं जहाज, माणसांनी पैसे मोजलेले, आणि म्हातारी माणसं मागं राहिली तर ते तसंच निघून जाणार? "मानुसकी हाय का नाही त्यायच्यात?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई, जहाजवाल्यांची स्वतःची टूर घेतली तर थांबतात," मोबाईलमधून मान वर न काढता उन्नती सासूला म्हणाली. "बाहेरच्या एजन्सीची घेतली तर नाही थांबत. सीधी बात आहे."

जहाजाचं हे खूळ बांत्यांनी काढलं होतं. बांते म्हणजे फकिरांचे शिफ्टमधले जुने जोडीदार. गुडघे गेलेले, पण हौस शाबूत. चेन्नईहून जहाज निघतं, श्रीलंकेत हंबनटोटाला एक दिवस थांबतं आणि परत येतं, हे त्यांना कुठल्याशा जाहिरातीत दिसलं आणि त्यांनी गभण्यांच्या नेहरू नगरच्या घरी येऊन सोफ्यावर ठाण मांडलं. केबिनींचा हिशोब तिथंच झाला. पुरुष एका केबिनीत, बायका दुसरीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायकोनं एकाच केबिनीत राहिलं पाहिजे असा आग्रह दोन्ही घरांतून कोणीही धरला नाही. बायकांच्या केबिनीत गयाबाई आणि बांत्यांच्या रुक्माबाई. तिसरी जागा रिकामी होती, आणि ती रिकामी ठेवली तरी तिचे पैसे पडणारच होते. तिथं उन्नतीनं आपल्या आईचं नाव सुचवलं.

गयाबाईंनी रुक्माबाईंकडं पाहिलं. मग रुक्माबाई म्हणाल्या, "येऊ द्या ना. सामानाजवळ बसाले मानूस लागतेच."

उन्नतीची आई गिरजाबाई दुर्गला राहायची. नवरा गेला तेव्हा उन्नती पाळण्यात होती. तेव्हापासून गिरजाबाईनं एका शाळेत पोरांचा स्वयंपाक केला, मुलीला शिकवलं, गभण्यांच्या प्रवीणशी तिचं लग्न लावून दिलं, आणि ह्या सगळ्यात कोणाकडून कधी काही मागितलं नाही. गभणे माणसं वाईट नव्हती. विहिणीला कोणी वेडंवाकडं बोलायचं नाही, सणाला लुगडं यायचं, आजारपणात प्रवीण गाडी घेऊन धावायचा. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका हॉलमध्ये जमल्या की गिरजाबाई आपोआप स्वयंपाकघरात दिसायची. तिळगुळाच्या ताटल्या भरत. तिला तिकडं जायला कोणी सांगायचं नाही, आणि तिकडून बाहेर ये असंही कोणी म्हणायचं नाही. उन्नती हॉलमध्ये वाण वाटायची आणि स्वयंपाकघरातून येणारा ताटल्यांचा आवाज ऐकायची. दर वर्षी तिला तेवढ्यापुरता सासरचा राग यायचा, आणि दर वर्षी ती तो गिळायची, कारण बोट दाखवावं असं कोणी काही केलेलंच नसायचं.

म्हणून तिनं आपल्या पगारातून आईची ती तिसरी जागा भरली. नेहरू नगरच्याच एका कोचिंग क्लासमध्ये ती फीच्या काउंटरवर बसायची. तिला फार काही नको होतं. निदान त्या जहाजावर तरी आईनं ह्या बायकांच्या रांगेत बसावं, रांगेमागं नव्हे, एवढंच. जहाजावर स्वयंपाकघर दुसऱ्यांचं असतं, तिथं लपायला जाता येत नाही, असा तिचा सरळ हिशोब होता.

गयाबाई जहाजाला तयार झाल्या त्याचं कारण वेगळंच होतं. गेल्या वर्षी फकिरांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून गयाबाईंनी नवस बोलला होता, की जितक्या दूर माझे पाय नेतील तितक्या दूरच्या देवाला ह्यांच्या नावानं नारळ देईन. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फार तर रामेश्वर असणार. आता समुद्रापलीकडं जायचं ठरल्यावर नवसही समुद्रापलीकडं गेला. घरून नारळ निघाला, शेंडीसकट, कापडात गुंडाळून. नवस ज्याच्यासाठी बोलला त्यानं स्वतः तो फेडायचा नसतो, घरच्या बाईच्या हातानंच फिटतो, हेही गयाबाईंनी दोनतीनदा सांगून ठेवलं.

तेव्हा बंदरावर उतरल्यावर देऊळ हवं होतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीत देऊळ नव्हतं. जंगलातले हत्ती होते, समुद्रकिनारा होता, आणि माणशी असा भाव की बांत्यांनी तो ऐकून पाणी मागितलं. उन्नती मग ऑनलाइन एजन्सीच्या साइटवर गेली. तिथं तेच बंदर, तोच दिवस, पण घरच्या माणसांपुरती आख्खी व्हॅन, शाकाहारी जेवण, हवं तिथं थांबा, आणि सगळ्यांचं मिळून जहाजाच्या निम्म्यात. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की आम्ही वेळेत परत आणून सोडण्याची काळजी घेऊ, मात्र जहाज सुटल्यास जहाज कंपनी जबाबदार नाही. आणि निघायच्या आदल्या दिवसापासून कार्यक्रमात बदल होणार नाही.

"यार, फँस गए तो?" प्रवीणनं विचारलं. तो रसमड्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"नहीं फँसेंगे. लोकांचे रिव्ह्यू बघ ना," उन्नती म्हणाली, आणि स्थळांच्या यादीत कतरगामचं मंदिर निवडून तिनं पैसे भरले.

इथं तिची चूक झाली. आणि ती चूक तिच्याच हातून होण्यासारखी होती. कतरगामचा देव मुरुगन आहे, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, हे तिला ठाऊक होतं. शाळेत तिची एक मैत्रीण तामिळ होती. तिच्या घरच्यांबरोबर ती भिलाईच्या सेक्टर वसाहतीतल्या देवळात जायची, मोरावर बसलेल्या त्या देवाला नमस्कार करायची आणि केळीच्या पानावरचा गोड भात खाऊन यायची. पण मराठी घरातली सवाष्ण कार्तिकस्वामीचं दर्शन घेत नाही, घेतलं तर सात जन्म वैधव्य येतं असं मानतात, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ज्या घरात सवाष्णच नव्हती त्या घरात सवाष्णीचे नियम निघणार कशाला? गिरजाबाईनं लेकीला शिळी पोळी कशी मऊ करायची ते शिकवलं, फॉर्म कसे भरायचे ते शिकवलं; ह्या बाबतीत मात्र तिच्याकडं शिकवायला काही उरलं नव्हतं.

सासरी तिनं सांगितलं, "मोठं जागृत देवस्थान आहे, आत्याबाई. सगळी लंका जाते तिथं." गयाबाईंनी चपला कुठं ठेवतात ते विचारलं. फकिरांनी बंदरापासूनचं अंतर विचारलं. देव कोणता हे कोणीच विचारलं नाही. देऊळ म्हटल्यावर देव असायचाच.

जहाज हंबनटोटाला लागलं त्या दिवशी सकाळी उन्नती काउंटरवर बसली होती. नव्या बॅचची गर्दी होती, पोरांचे बाप हप्त्यांसाठी घासाघीस करत होते, आणि तिचा फोन टेबलावर उताणा पडून थोड्या थोड्या वेळानं उजळत होता. सगळं छान चाललं होतं. रोशन नावाचा ड्रायव्हर बंदराच्या फाटकाबाहेर गभण्यांच्या नावाची पाटी धरून उभा असलेला फोटो आला. फकिरांना ती पाटी फार आवडली. व्हॅनमधला फोटो आला. पुढं पुरुष, मधल्या सीटवर गयाबाई आणि रुक्माबाई, आणि पार मागच्या सीटवर पिशव्यांच्या मधोमध गिरजाबाई. उन्नतीनं तो फोटो मोठा करून पाहिला. आई हसत होती, पण होती मागंच.

मग रोशनच्या नंबरवरून फोन आला.

"उन्नती," फकिरांचा आवाज आला, "तुनं कोनता देव बुक केला व?"

"का? काय झालं, मामाजी?"

"अवं हा कार्तिकस्वामी हाय! बायका उतरून नाही राहिल्या गाडीतून!"

मागं कल्लोळ चालला होता. काय घडलं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. देवळाबाहेरच्या दुकानांत मोरावरच्या देवाच्या तसबिरी टांगलेल्या होत्या. रुक्माबाईंनी त्यातली एक नातवासाठी हातात घेतली आणि बांते सहज बोलून गेले, की अरे हा तर महादेवाचा मोठा पोरगा. त्यासरशी रुक्माबाईंनी तसबीर अशी खाली ठेवली जणू ती तापलेली होती. दोघी पळत व्हॅनमध्ये येऊन बसल्या. खिडक्यांचे पडदे ओढले. तसबीर पाहिली त्याचं काय, ह्यावर थोडी रडारड झाली. शेवटी रुक्माबाईंनीच निकाल दिला, की चित्राचं काही नाही, चित्र चालते, मूर्तीच्या समोर उभं नाही राहाचं.

"तुले मालूम नव्हतं?" गयाबाईंनी फोन घेतला. "तुह्या सासऱ्याची छाती फाडून झाली मागच्या साली. त्यायच्यासाठी नारळ घेऊन आली मी इथवर. अन् तू मले ह्या देवाच्या दारात आनून बसवलं?"

समोर एक बाप पावती मागत होता, त्याला तिनं हातानंच थांबवलं. उद्या मामाजींना साधी कळ आली तरी आयुष्यभर ह्या घरात आजचा दिवस निघणार, हे तिला लख्ख दिसलं. "आत्याबाई, खरंच नाही मालूम मला," ती म्हणाली. "कोणी सांगितलंच नाही."

गयाबाईंनी फोन परत फकिरांकडं दिला. कोणी सांगितलं नाही म्हणजे कोणी, ते त्यांनाही कळलं असावं.

उन्नतीनं एकीकडं एजन्सीच्या चॅटवर लिहिलं, की दुसऱ्या देवळात जाता येईल का. तिकडून ताबडतोब उत्तर आलं, की आम्ही आपल्या भावनांचा आदर करतो, आपला दिवस आनंदात जावो, आणि कार्यक्रमात आता बदल होऊ शकत नाही. रोशनचं म्हणणं वेगळं नव्हतं. जवळपास तसं दुसरं देऊळ नाही, जे आहे ते लांब आहे, तिकडं गेलो तर जहाज गाठणं कठीण. पूजेची वेळ होत आली होती. जायचं तर आत्ता, नाहीतर मुकाट्यानं परत.

"मामाजी, तुम्ही आणि बांतेकाका जाऊन या ना," उन्नतीनं सुचवलं.

ते जमेना. गाडीतळापासून देऊळ लांब होतं, नदीवरचा पूल, पुढं उन्हातला वाळूचा रस्ता. एवढं चालायची डॉक्टरांनी फकिरांना बंदी केली होती. शिवाय नवस त्यांच्याचसाठीचा. बांत्यांचे गुडघे होते, तरी ते काठी टेकत निघाले असते, पण रुक्माबाईंनी त्यांचा सदरा धरून ठेवला. "नवऱ्याच्या पुन्यातलं अर्धं बायकोले लागते म्हंतात," त्या म्हणाल्या. "मंग ह्याच्यातलं अर्धं नाही लागन का? बसा चुपचाप." बांते बसले.

फोन सुरूच होता. कोणी तरी तो सीटवर ठेवून दिला असावा. उन्नतीला व्हॅनच्या एसीची घरघर ऐकू येत होती, बाहेरून कुठून तरी नारळ फुटल्याचे आवाज, आणि गयाबाईंचं मुसमुसणं. एवढ्या दूर येऊन नारळ परत घरी नेणार होत्या त्या.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आईचा आवाज आला.

"द्या तो नारळ. मी जाऊन येते."

गयाबाईंचं मुसमुसणं थांबलं.

"मले काय व्हायचं हाय आता?" गिरजाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी आणायला निघाल्यासारखा. "जे व्हायचं ते होऊन गेलं. मले त्या देवाचं भेव नाही."

उन्नती खुर्चीवरून उठून उभी राहिली. आईला चार दिवस रांगेत बसवायला पाठवलं होतं तिनं. आणि आई स्वतःच्या तोंडानं सांगत होती, की मी तुमच्यातली नाही, म्हणून मला पाठवा. तिला लाज वाटली, आणि ती लाज कोणाची हे ठरवता येईना. "आई, तू नको जाऊ," ती फोनमध्ये ओरडली. फीच्या रांगेतले बाप तिच्याकडं पाहू लागले. "सुन ना, आई! काही गरज नाही. नारळ राहू दे!"

"फोन ठेव वं," गिरजाबाई म्हणाली. "जहाज थांबत नाही म्हने ना?"

ह्यानंतर जे झालं ते गयाबाईंनी नंतर इतक्यांदा सांगितलं की उन्नतीला ते स्वतः पाहिल्यासारखं झालं. गयाबाईंनी नारळ हातात धरून ठेवला होता. नवऱ्याच्या आयुष्याचा नारळ, आणि समोर पसरलेले हात विहिणीचे, बिनबांगड्यांचे. क्षणभर तो द्यायला त्यांचा जीव होईना. पण घरची बाई हवी होती, आणि विहीण घरचीच. मग त्यांनी तो दिला. "ईनबाई," त्या म्हणाल्या, "माह्या नावानं. अन् त्यायच्या."

नारळ गेल्यावर रुक्माबाईंना आपल्या सुनेचं जवळ आलेलं बाळंतपण आठवलं. त्यांनी रोशनला पिटाळून फळांचं एक ताट आणवलं आणि तेही गिरजाबाईच्या हातावर ठेवलं. मग बांत्यांनी गुडघ्यांसाठी एक नोट ठेवली. फकिरांनी व्हॅनचं दार धरून विहिणीला खाली उतरायला हात दिला, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. डोक्यावर पदर, एका हातात ताट, दुसऱ्यात नारळ, पायांत काही नाही, अशी गिरजाबाई रोशनच्या मागोमाग त्या पुलाकडं निघाली.

ती लवकर परत आली नाही.

पूजा लांबली होती म्हणे. भिलाईत उन्नतीनं काउंटर बंद केलं, जेवणाचा डबा उघडून तसाच झाकला, आणि जहाज सुटायची वेळ जवळ येत चालली तशी रोशनला फोनावर फोन लावला. तो देवळात होता, उचलत नव्हता. तिकडं व्हॅनमध्ये ड्रायव्हरही नव्हता आणि चावीही नव्हती. दोन सवाष्णी पडदे ओढून बसल्या होत्या, दोन पुरुष घाम पुसत होते, आणि सगळे मिळून गिरजाबाईची वाट पाहत होते. फकिरा अधूनमधून खाली उतरून पुलाकडं बघून यायचे. वेळ चुकवणाऱ्यांबद्दल त्या दिवशी त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

अखेर ती आली. हातात प्रसाद, आणि कपाळावर चंदनाचा मोठा थोरला टिळा. पुजाऱ्यानं लावला होता. त्याला काय माहीत कोण सवाष्ण, कोण नाही. रुक्माबाईंची नजर त्या टिळ्यावर गेली, गयाबाईंचीही गेली. पूस म्हणायची कोणाची छाती झाली नाही. गयाबाईंनी मधल्या सीटवर सरकून जागा केली आणि पिशव्या मागं गेल्या.

रोशननं गाडी अशी हाणली की बांत्यांनी गुडघ्यांसाठी बोललेला नवस वाटेत दोनदा जिवासाठी बदलला. बंदराच्या फाटकातून ही मंडळी धावत आत शिरली, शिडी चढली आणि डेकवर येऊन धापा टाकत उभी राहिली. जहाज सुटलं नाही. जहाजाच्याच सहलीची बस हत्ती बघता बघता कुठं तरी अडकली होती, आणि तिच्यासाठी ते आणखी बराच वेळ थांबून होतं. फकिरांना ही गोष्ट अजिबात आवडली नाही.

दुर्ग स्टेशनवर उन्नती आणि प्रवीण त्यांना घ्यायला गेले तेव्हा उन्नतीनं मनाची तयारी केली होती. सासू बोलणार, आणि आपण ऐकून घेणार. पण गाडीतून उतरल्या उतरल्या गयाबाईंनी जे सुरू केलं ते वेगळंच होतं. ईनबाई कशा गेल्या, उन्हात कशा गेल्या, देवानं त्यांना कसं एवढा वेळ आपल्यासमोर थांबवून घेतलं. घरी पोचेपर्यंत चूक उन्नतीची राहिली नव्हती, देवाची इच्छा झाली होती. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी फकिरांचं हृदय उत्तम असल्याचं सांगितलं आणि त्याचं श्रेय डॉक्टरांना अजिबात मिळालं नाही.

एजन्सीचे मेल मात्र थांबेनात. आपली सहल कशी झाली? कृपया तारे द्या. उन्नतीला काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून तिनं ते तसेच पडू दिले.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या, आणि गिरजाबाई नेहमीसारखी स्वयंपाकघराकडं वळली तेव्हा गयाबाईंनी तिला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं. "बसा इथं. ह्यायले सांगा देव कसा हाय तो." गिरजाबाई खुर्चीवर बसली, बायका सतरंजीवर. हळदीकुंकू फिरलं तेव्हा गयाबाईंची बोटं तिच्या समोर येऊन थबकली, हवेत थोडी घुटमळली आणि पुढच्या बाईकडं गेली. तेवढं मात्र त्यांना जमलं नाही. पण वाण दिलं, आणि सगळ्यांच्या आधी दिलं. मग गिरजाबाईनं देव सांगितला. सहा तोंडं, प्रत्येकाचे डोळे जागे. हातात भाला. दोन्ही बाजूंना दोन बायका, मागं मोर. सवाष्णी तोंडावर पदर घेऊन ऐकत होत्या. नुसतं ऐकण्यानं काही होत नाही, हे रुक्माबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

नंतर गिरजाबाई पाणी प्यायला आत आली. उन्नती ओट्याशी ताटल्या पुसत होती, आणि फोनवर पुन्हा तो मेल आलेला होता.

"आई, बता ना, किती तारे देऊ त्या ट्रिपला?" तिनं विचारलं. "तूच गेली होतीस आत."

गिरजाबाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. हॉलच्या दाराकडं एकदा पाहून घेतलं.

"देव नाही दिसला मले," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"पडदा हाय तिथं. मोठा. तो कवाच नाही उघडत, कोनासाठीच नाही. मूर्ती कोनाले दिसतच नाही म्हने. पडद्यावर चित्र हाय, तेच पाहाचं अन् हात जोडायचे."

उन्नतीच्या हातातली ताटली तशीच राहिली. "म्हणजे ती सहा तोंडं, मोर—"

"चित्रातली."

"अगं, पण चित्र चालतं म्हणाल्या होत्या ना रुक्माबाई! मग तू बाहेर येऊन सांगायचं होतंस. आत्याबाई पण गेल्या असत्या आत. स्वतःच्या हातानं नारळ दिला असता त्यांनी."

"हो ना," गिरजाबाई म्हणाली. "आत उभी होती तवाच आलं ते माह्या मनात." तिनं कपाळावरचा घाम पुसला, टिळा लावला होता त्याच जागी. "एवढी जिंदगी गेली, उन्नती, सारे आत अन् मी बाहेर. त्या दिवशी मी आत होती अन् त्या साऱ्या बाहेर माह्यासाठी थांबल्या होत्या. पूजा कवाचीच आटपली होती. मी उगाच उभी राहिली. जहाज गेलं तर जाऊ दे, म्हटलं."

उन्नतीला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही.

"ईनबाई!" हॉलमधून गयाबाईंची हाक आली. "या ना, तिवारीन आल्या हायेत मागच्या गल्लीतल्या. त्यायले बी ऐकाचं हाय देवाचं."

गिरजाबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मोराचा पिसारा ह्या वेळी तिनं जरा जास्तच मोठा सांगितला.